डोंगर समोशासारखा दिसतो त्याबद्दल

भाऊ, तुमच्या रेल्वे मॉडेलमधला डोंगर समोशासारखा दिसतो म्हणता ना, त्याचं कारण पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) नाही, आकारच चुकला आहे. आपल्याकडचा सातपुडा काळ्या बसाल्ट खडकाचा, थरावर थर, म्हणजे उभा कडा मग थोडा उतार, परत कडा, पायऱ्यांसारखा. मी माझं मॉडेल अकोला-खंडवा मार्गावरच्या धूळघाटची जुनी मीटरगेज रेल्वे डोक्यात ठेवून बनवतोय, तिथं लाईन स्वतःलाच वळसा घालून चढायची, तर थर्माकोलच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या अन् कडा चाकूनं न कापता हातानं तोडल्या, खडक तसाच दिसतो. वरून फेविकॉलच्या पाण्यात बुडवलेले पेपरचे तुकडे, मग पीओपीचा पातळ हात, जाड थापाल तर खालचं प्लायवूड वाकतं.

थर्माकोलवर स्प्रे पेंट थेट मारू नका राजेहो! माझा अर्धा डोंगर डोळ्यादेखत विरघळला, आधी पेपर-पीओपीनं पूर्ण झाका.

झाडं विकत कशाला, शेतात पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) पडल्याच आहेत, त्यांचे बारीक शेंडे म्हणजे उन्हाळ्यातला पानं झडलेला साग. १:८७ मधे, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मॉडेलमधे, १२ मीटरचा साग १४ सेंमी येतो, पण मागच्या रांगेत ८-९ सेंमीचेच लावा, डोंगर लांब वाटतो. मातीला खरा मुरूमच चाळून टाका, अगदी मैद्याच्या चाळणीतून, अन् ती चाळणी परत स्वयंपाकघरात ठेवू नका 😄