चिपळूणचं घर, नवं फर्निचर: 710, 303 की एचडीएचएमआर? तिघांची तीन मतं

वाशिष्ठीकाठ
नमस्कार. आमचं घर चिपळूणला, बाजारपेठेपासून जवळ. 22 जुलै 2021 च्या पुरात तळमजल्यावर साडेपाच फूट पाणी होतं. मुलाने हौसेने करून दिलेलं तयार किचन पाणी ओसरल्यावर पावासारखं फुगलं. बोटाने दाबलं की भुसा. सासूबाईंचं फणसाचं कपाट मात्र धुऊन सावलीत वाळवलं, ते आजही उभं आहे. एक दार घासतं, एवढंच.

गेली चार वर्षं कडप्प्याच्या ओट्याखाली पडदा लावून काम चालवलं. आता मी शाळेतून निवृत्त झाले, थोडे पैसे हातात आहेत. तीन कामं आहेत: तळमजल्याचं किचन, वरच्या खोलीत सात फुटी दारांचं कपाट, आणि 900 पुस्तकांसाठी मांडणी. मांडणीचं चित्र मुलाने पाठवलंय, चार-चार फुटांच्या सलग फळ्या.

दुकानदार म्हणतो, सगळ्याला 710 नंबरचा प्लाय घ्या, 118 रुपये चौरस फूट. सुतार म्हणतो, 303 पुरे, 84 ने मिळेल. मुलगा पुण्याहून सांगतो, आता सगळे एचडीएचएमआर नावाचा दाबलेला बोर्ड लावतात. मी मराठी शिकवायचे, गणित नाही. पण या आकड्यांनी मला पुन्हा पाचवीत नेऊन बसवलंय.

कोथरूडकर
सगळीकडे मरीन लावा. एकदाच खर्च, विषय संपला.

रंधा_आणि_पटाशी
बाई, विषय संपत नाही, तो तिथून सुरू होतो. मी सुतार. गाव कणकवलीकडे, काम डोंबिवलीत, 26 वर्षं झाली. वडील फणस, शिवण, सागवानात काम करायचे, मी जन्मभर प्लाय कापतोय.

आधी आकडे. 710 म्हणजे मरीन. त्यात फिनॉलचा डिंक असतो, आणि तुकडा 72 तास उकळला तरी थर सुटता कामा नयेत अशी त्याची परीक्षा आहे. 303 म्हणजे साधा प्लाय, पण त्या एका आकड्याखाली दोन जाती येतात: एमआर आणि बीडब्ल्यूआर. एमआर फक्त हवेतला ओलावा सोसतो, उकळत्या पाण्यात सुटतो. बीडब्ल्यूआर पाण्याला बराच टिकतो. सुतार नुसतं "303" म्हणाला तर "कुठला?" असं विचारा. तो गप्प बसला तर एमआर समजा.

मग 710 सगळीकडे का नको? तुमच्याच भावाने फुटामागे 34 रुपयांचा फरक. आठ बाय चारचं शीट 32 फुटांचं, म्हणजे शीटमागे 1088 रुपये. तुमच्या कामाला अंदाजे 18 शीट लागतील, त्यातली 12 वरच्या मजल्यावरची. तेरा हजार रुपये वर जातात, आणि तिथे पाणी येणार ते फक्त फरशी पुसायचं.

किचनबद्दल मात्र वाईट वाटलं तरी खरं सांगतो. पुरात कुठलाच बोर्ड जसाच्या तसा राहत नाही. 710 चे थर सुटणार नाहीत, पण सनमायका उचलला जाईल, बिजागऱ्या गंजतील, कडेने गाळ आत शिरेल. म्हणून ओट्याखाली बोर्डाचे डबे करूच नका. कडप्पा आहेच तुमच्याकडे. त्यातच उभ्या आणि आडव्या फळ्या घ्या, समोर फक्त दारं 710 ची. पुराची सूचना आली की स्क्रू काढून दारं वर न्यायची. बिजागऱ्या क्लिपवाल्या घेतल्या तर स्क्रूसुद्धा काढायला लागत नाही, मागचं बटण दाबलं की दार हातात. वरच्या भिंतीवरची कपाटं मात्र बीडब्ल्यूआरमध्ये खुशाल करा.

सात फुटी दारांना प्लाय नको, ब्लॉकबोर्ड घ्या. आत लाकडाच्या पट्ट्या असतात, त्या उंचीच्या दिशेने उभ्या यायला हव्यात. लांब दार प्लायमध्ये केलं की दोन पावसाळ्यांत पिळतं. आणि दाराच्या आतल्या बाजूलाही सनमायका लावून घ्या, पातळ का होईना. एकाच बाजूला लावला की दार पापडासारखं वळतं. इथे पैसे वाचवणारी माणसं मग मला शिव्या देतात. माझी काय चूक?

मांडणीचं चित्र मुलाला परत पाठवा.

वाशिष्ठीकाठ
चित्र परत पाठवलं, तो रुसला. पण चार फुटांत वाईट काय? फळी पाऊण इंचाची आहे.

रंधा_आणि_पटाशी
घरात वजनकाटा असेल तर एक फूट रुंदीत मावतील तेवढी पुस्तकं त्यावर ठेवून बघा. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे नऊ किलो भरली होती. म्हणजे चार फुटी फळीवर 36 किलो, तेही रात्रंदिवस. पहिल्या महिन्यात काही दिसत नाही, दोन वर्षांनी झोळी होते.

आता गंमत बघा. त्याच दाटीने पुस्तकं ठेवली आणि फळीची लांबी दुप्पट केली, तर झोळ दुप्पट येत नाही, सोळापट येतो. उलटं धरा: चार फुटांच्या मधोमध एक उभी फळी घातली की झोळ सोळावा हिस्सा. हा हिशेब मला एका इंजिनिअर गिऱ्हाइकाने शिकवला. वडिलांना तो न शिकताच माहीत होता, ते अडीच फुटांच्या पुढे जातच नसत. समोरून सागाची दीड इंची पट्टी उभी मारलीत तर आणखी ताठ होईल, आणि प्लायची कडाही झाकेल.

फळीची पुढून मागे खोली पावणेबारा इंच धरा. चार फुटी शीटमधून बरोबर चार पट्ट्या निघतात आणि करवतीची जाडीही त्यात बसते. पूर्ण बारा धरलात तर चौथी पट्टी कमी पडते, आणि मग सुतार आणखी एक शीट आणायला सांगतो. मांडणी भिंतीपासून इंचभर पुढे उभी करा, नाहीतर कोकणातल्या पावसात मागच्या बाजूला बुरशी धरते.

सनमायका_नको_रंग_हवा
मी नाशिकला रंगकाम करते, म्हणून एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची, बाजू घेते. दाराला कोरीव नक्षी आणि वर स्प्रेचा रंग हवा असेल तर एमडीएफसारखा गुळगुळीत पृष्ठभाग प्लायचा होत नाही, प्लायच्या रेषा रंगाखालून डोकावतात. फक्त दोन गोष्टी. कापलेली कडा पाणी पिते, ती दोनदा प्रायमर मारून बंद करायची. आणि कडेत स्क्रू थेट घुसवला की बोर्ड फाटतो, आधी बारीक भोक पाडायलाच हवं. 18 मिलीमीटरचं एक शीट साधारण 40 किलोचं असतं, दोन माणसं लागतात.

रंधा_आणि_पटाशी
ताईंचं बरोबर. एचडीएचएमआर याच घराण्यातला, जास्त दाबलेला आणि ओलावा जास्त सोसणारा. वरच्या मजल्यावर मुलाचं मन राखायचं तर छोट्या दारांना तो चालेल. पुराच्या पातळीखाली नको.

खरेदीला जाताना: लाल रंगावर जाऊ नका. पूर्वी ब्रह्मदेशातल्या गर्जन झाडाचा पापुद्रा वर असायचा, तो लालसर. त्या देशाने 2014 मध्ये लाकडाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, आणि आता कितीतरी प्लाय नुसता रंगवून लाल केलेला असतो. आयएसआयच्या शिक्क्याखालचा सीएमएल, म्हणजे परवान्याचा, क्रमांक बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये घालून बघा, कारखाना आणि परवाना चालू आहे की नाही ते कळतं. मग शीटची कड बघा. थरांमध्ये फटी दिसल्या तर स्क्रू तिथे पोकळीत जाणार. आणि शीट बोटांच्या पेरांनी ठोकत जा, टरबूज ठोकतो तसं. आवाज मध्येच बदलला की तिथे पोकळ आहे.

शंका असेल तर चार इंची तुकडा मागून घ्या आणि दिवसभर उकळा. एमआर असेल तर थर सुटतील. मात्र आंघोळीच्या हंड्यात उकळू नका, आमच्याकडे एका गिऱ्हाइकाने तेही केलंय.

वाशिष्ठीकाठ
दुकानदाराकडून "710" चे दोन वेगवेगळे तुकडे आणले, मागच्या अंगणात चुलीवर जुन्या पातेल्यात ठेवले. सकाळी आठला सुरुवात. दुपारी तीनच्या सुमारास स्वस्तातला तुकडा वहीच्या पानांसारखा उलगडला. दुसरा संध्याकाळी सातपर्यंत तसाच. सुताराने पटाशी घालून बघितली, थर हलला नाही. त्या सुटलेल्या तुकड्यावर शिक्का होता, पण क्रमांक ॲपमध्ये सापडला नाही. तो मी दुकानात नेऊन टेबलावर ठेवला. दुकानदार म्हणाला, "बाई, प्लाय कोण उकळतं?"

ओट्याखाली कडप्पाच घालतेय, दारं सहा. मुलगा अडीच फुटांवर तयार झालाय, पण सागाच्या पट्टीला काळा रंग द्यायचा म्हणतो. दादा, सागावर काळा रंग देऊ का?

रंधा_आणि_पटाशी
नको. तेल पाजा.