सख्ख्या नातवाला सांभाळायचे पैसे सरकारने आजीला द्यावेत का? (इंग्लंडमधला नियम)

रेडिंगकर

इथे इंग्लंडमध्ये दोघंही नोकरी करत असतील तर मूल नऊ महिन्यांचं झाल्यापासून शाळेत जाईपर्यंत आठवड्याला 30 तासांचं पाळणाघर सरकारी खर्चाने मिळतं, वर्षातले 38 आठवडे. सप्टेंबर 2025 पासून योजना पूर्ण लागू झाली. हे तास नर्सरीत वापरा, नाहीतर नोंदणीकृत चाइल्डमाइंडरकडे, म्हणजे स्वतःच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईकडे.

माझ्या सासूबाई 1980च्या दशकात इथे आल्या, आता साठी ओलांडली आहे. त्यांनी रीतसर नोंदणी केली. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा 12 तासांचा कोर्स केला. पोलीस तपासणी झाली, ती त्यांचीच नाही तर सासऱ्यांचीसुद्धा, कारण घरातल्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची होते. सासरे आठवडाभर फुरंगटून बसले होते. खिडकीच्या पडद्यांच्या दोऱ्या वर बांधल्या, औषधांच्या कपाटाला कुलूप लागलं.

एका वेळी पाच वर्षांखालची साधारण तीनच मुलं ठेवता येतात. त्यांच्याकडे शेजारची दोन आहेत आणि तिसरा माझा मुलगा. शेजारच्या दोघांचे पैसे कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या पालिकेकडून, येतात, माझ्या मुलाचे येत नाहीत. 2006च्या बालसंगोपन कायद्यानुसार नातेवाइकाने केलेला सांभाळ हा ‘बालसंगोपन’ धरतच नाहीत, म्हणून हे फुकट तास आजीकडे वापरता येत नाहीत. पण ‘तीनच मुलं’ मोजताना तो तिसरा म्हणून बरोबर मोजला जातो!

माझं म्हणणं एवढंच. तो सांभाळात धरायचा नसेल तर मोजू नका, आणि मोजणार असाल तर पैसे द्या.

नाशिकचा_सडेतोड

सख्ख्या नातवाचं बिल? आमच्या आजीने आम्हां सात नातवंडांचं केलं, तिने सरकारकडे काय दरपत्रक पाठवलं होतं? परदेशी गेलात म्हणून प्रत्येक गोष्ट तासावर मोजायची काही गरज नाही.

रेडिंगकर

तुमच्या आजीने फुकट केलं, आणि त्या वेळी घरात आणखी चार बायका होत्या. सासूबाई सकाळी साडेसातला एकट्या सुरुवात करतात.

हिशेबतपासनीस

भावना बाजूला ठेवून बोलू. नियमामागे कारण आहे आणि ते क्षुल्लक नाही. या देशात असंख्य आजी-आजोबा आठवड्यातून एक-दोन दिवस नातवंडं बघतात आणि त्याचा सरकारला छदामही खर्च येत नाही. उद्या नात्यातल्या सांभाळाचे पैसे मिळू लागले तर जो-तो नोंदणी करेल. नव्या एकाही मुलाला जागा मिळणार नाही, जे आज होतंय तेच होईल, फक्त तिजोरीतून पैसे जातील.

दुसरं म्हणजे मुलगा खरंच 30 तास आजीकडे होता की नाही, हे कोण बघणार? परक्या पालकाचा मुलगा दोन तास आधीच परत पाठवला तर तो तक्रार करतो. सून सासूविरुद्ध करेल का? (केली तरी ती कौन्सिलकडे जाणार नाही.)

आणि सरकार अगदीच हात वर करत नाही. करमुक्त बालसंगोपनाच्या खात्यात तुम्ही 8 पौंड भरले की सरकार 2 घालतं, वर्षाला 2,000 पौंडांपर्यंत. ते पैसे नोंदणीकृत आजीला देता येतात, फक्त सांभाळ मुलाच्या घरी न होता तिच्या घरी व्हायला हवा.

रेडिंगकर

ते आम्ही घेतोच. तीच तर विसंगती आहे. करखातं म्हणतं आजी ही चाइल्डमाइंडर आहे, शिक्षणखातं म्हणतं ती फक्त आजी आहे. दोन्ही खाती एकाच सरकारची.

लेस्टरची_आजी

मी स्वतः नोंदणी केलेली आजी आहे, म्हणून लिहिते. सहा वर्षं झाली.

आधी नोंदणीने काय बदलतं ते सांगते, कारण वर कोणी त्यावर बोललं नाही. माझी मुलगी झाली तेव्हा मी तिला पहिल्याच महिन्यात मध चाटवला होता. नोंदणीनंतर कळलं की वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, बाळाला बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. द्राक्षं पूर्वी मी अख्खी वाटीत द्यायचे. आता उभी चिरते, चार फोडी करते, आडवी नाही. आडव्या चिरलेल्या द्राक्षाची गोल चकती घशात बसते. पाच वर्षांखाली अख्खा शेंगदाणा नाही, त्यामुळे संकष्टीच्या साबुदाण्याच्या खिचडीत कूटच. नातवाच्या हातावर चापट मारायची नाही, अगदी हलकीसुद्धा. नोंदणी झाल्यावर ते चालतच नाही. दोन ते तीन वर्षांच्या मधे मुलाच्या प्रगतीची लेखी तपासणी करून आईवडिलांना द्यायची असते. मी माझ्याच लेकीला पानभर लिहून दिलं की तुझा मुलगा दोन शब्द जोडून बोलतो पण तोंडात घास घेऊन हिंडतो. तिने सही करून परत दिलं.

हे सगळं मी पैशासाठी सुरू केलं नव्हतं, पण फुकट असतं तर एवढं केलं असतं का, हे मी देवासमोर सांगू शकत नाही. नाशिकच्या दादांनी आजी आणि दरपत्रक लिहिलंय. दादा, मी नर्सिंग होममधली रात्रपाळी सोडली नातवासाठी. तो पगार होता. तो बंद झाला तेव्हा कोणी विचारलं नाही की आजीने आता वाणसामान कशातून आणायचं.

माझ्याकडच्या तिघांपैकी दोघं इंग्रज आहेत. तिघंही मला आजीच म्हणतात. चेक दोघांचाच येतो.

मावशीआजी

यावर आमच्याकडच्या बायकांनी उपाय काढलाय, कायदेशीर. दोघी नोंदणीकृत आज्या, रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे. ही तिचा नातू सांभाळते, ती हिची नात. दोघींना पैसे मिळतात. संध्याकाळी आपापलं नातवंड घेऊन आपापल्या घरी.

कायद्याची यादीही बघण्यासारखी आहे. आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी, भावंडं. सख्खी, सावत्र, लग्नाने जोडलेली, सगळी. पण आजीची बहीण त्यात नाही. म्हणजे मी बहिणीचा नातू सांभाळला तर पैसे, बहिणीने सांभाळला तर नाही. आता मी काय त्याला परकी झाले होय?

हिशेबतपासनीस

कुठेतरी रेघ मारावीच लागते आणि कुठेही मारली तरी तिच्या पलीकडे कोणीतरी उभं असतंच. पण अदलाबदलीचा मुद्दा मान्य. ज्या नियमाला दोन शेजारणी चहा पिता पिता बगल देतात, तो तिजोरी फार वाचवत नसणार.

तरी एक सांगतो. साठीतल्या आजीचं खरं नुकसान पेन्शनचं होतं आणि त्यावर 2011 पासून तोडगा आहे. आईवडील कामावर असताना बारा वर्षांखालचं नातवंड सांभाळणाऱ्या, पेन्शनचं वय न झालेल्या आजी-आजोबांना नॅशनल इन्शुरन्सचं, म्हणजे ज्याच्या वर्गणीवर सरकारी पेन्शन ठरते त्याचं, क्रेडिट मिळतं. नवी पूर्ण पेन्शन मिळायला 35 वर्षं भरावी लागतात, त्यातलं तेवढं वर्ष वाया जात नाही. नोंदणी लागत नाही, अर्ज मात्र स्वतः करावा लागतो. कित्येकांना हे ठाऊकच नसतं. आधी ते घ्या.

स्लाउवाला_कोडर

माफ करा, पण ही चर्चा आमच्यासारख्यांना परग्रहावरची वाटते. आम्ही दोघं स्किल्ड वर्कर व्हिसावर. व्हिसावर ‘सरकारी मदत नाही’ असा शिक्का, त्यामुळे नोकरदारांचे 30 तास आम्हाला नाहीत. करमुक्त खातंही नाही. मूल तीन वर्षांचं झालं की सगळ्यांना मिळणारे 15 तास तेवढे मिळतील. कर मात्र पहिल्या दिवसापासून भरतोय.

आई साताऱ्याहून येते, व्हिजिटर व्हिसावर, जास्तीत जास्त सहा महिने. थोडे दिवस नातवाकडे बघायला हरकत नसते, पण चाइल्डमाइंडर म्हणून काम करता येत नाही, मग नोंदणीचा प्रश्नच कुठे येतो. कायमचं आणावं तर 2012च्या नियमांनंतर वयस्क आईवडिलांसाठीचा व्हिसा मिळणं जवळजवळ अशक्य. आई परत गेली की सासू येते. मुलगा दर काही महिन्यांनी नव्या आजीची सवय करतो. तुमचा वाद नातवाचा चेक यावा की नाही यावर आहे. आमच्याकडे आजीच यावी की नाही हे व्हिसा अधिकारी ठरवतो.

नाशिकचा_सडेतोड

मग परत या ना.

स्लाउवाला_कोडर

हे अपेक्षितच होतं.

कोथरूड_सकाळ

परत येऊन काय होतंय ते सांगते, मी त्या बाजूची आहे. मुलगा-सून हिंजवडीत. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. सुनेच्या कंपनीतलं पाळणाघर आहे, पण एवढ्या ट्रॅफिकमधून दीड वर्षाच्या मुलाला रोज तासभर न्यायचं कोणी? म्हणून तो आमच्याकडे. मला आवडतं, तक्रार नाही. पण गेल्या दिवाळीत मी चार दिवस मैत्रिणींबरोबर गणपतीपुळ्याला जाते म्हटलं तेव्हा घरात जी शांतता पसरली, त्यावरून कळलं की माझी रजा कोणी धरलीच नव्हती.

स्वीडनने जुलै 2024 पासून पालकांना आपल्या पगारी बालरजेतले 45 दिवसांपर्यंत आजी-आजोबांना द्यायची मुभा दिली. सोलमध्ये नातवंड महिन्याला 40 तास सांभाळणाऱ्या आजीला तीन लाख वॉन मिळतात, त्यासाठी आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. तिथे आजीच्या कामाला काम म्हणतात, म्हणून त्याला सुट्टीही असते. रेडिंगकर, तुमच्या सासूबाईंना वर्षातून किती आठवडे सुट्टी?

रेडिंगकर

शेजारच्या दोघांच्या करारात चार आठवडे लिहिलेत. आमच्याशी करारच नाही. सुट्टीत त्या दोन मुलांना घेत नाहीत, हा असतोच.

लेस्टरची_आजी

मग आधी तुम्हीच करार करा की. सरकारचं सरकार बघेल.

रेडिंगकर

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते मसुदा तिची आई लिहील, आपण फक्त सही करायची.