बंद एक्स-रे यंत्रापेक्षा पाऱ्याची भीती बाळगा

बंद पडलेल्या दवाखान्यांत शिरण्याच्या धोक्यांवर या धाग्यात चर्चा चाललीय. तिथल्या जुन्या एक्स-रे यंत्राजवळ नुसतं उभं राहिलं तरी किरणं लागतात, असं वर कुणीतरी म्हटलंय. ते पटत नाही. एक्स-रे विजेवर तयार होतात. वीज तोडली की किरणंही थांबतात. कर्करोगावरच्या उपचाराच्या काही यंत्रांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांतलं किरणोत्सारी कोबाल्ट किंवा सीझियम विजेशिवायही किरणं सोडत राहतं. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली सोडून दिलेल्या दवाखान्यातून अशा यंत्राचा भाग भंगारात गेला आणि आतल्या निळ्या चमकणाऱ्या भुकटीपायी चौघांचा जीव गेला. त्यातली एक सहा वर्षांची मुलगी होती. तीन पात्यांच्या पंख्यासारखं किरणांच्या धोक्याचं चिन्ह दिसलं, तर हात न लावता मागं फिरा आणि पोलिसांना कळवा.

धाग्यात राहून गेलेली गोष्ट म्हणजे पारा. सोलापुरात मुरारजी पेठेच्या बाजूला बंद पडलेल्या एका नर्सिंग होममध्ये फोटो काढायला गेलो होतो. भंगार गोळा करणारी दोन पोरं पितळेसाठी जुनी बीपीची यंत्रं फोडत होती आणि फरशीवरचे पाऱ्याचे थेंब बोटानं पळवत हसत होती. मे महिना, खिडक्या बंद. आपल्याकडच्या बेचाळीस अंशांत पाऱ्याची विषारी वाफ जास्त होते, तिला वासही नसतो. त्यांना बाहेर काढलं, हात धुवायला लावले. सांडलेला पारा झाडूनं कधी लोटू नका, थेंब बारीक होऊन पसरतात. खिडक्या उघडा, जाड कागदानं थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा.