ईगल स्काउट : हातात १० महिने, ६ बॅज बाकी आणि देवळातलं चपलांचं रॅक

न्यूजर्सीची_आई

मुलाला ईगल स्काउट ही अमेरिकेतल्या स्काउटिंगमधली सर्वात वरची रँक मिळवायची आहे, आणि त्याचं काम १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत संपवावं लागतं. तो पुढच्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात १८ वर्षांचा होईल. आज ऑगस्ट संपतोय, म्हणजे जेमतेम १० महिने. लाइफ रँक (ईगलच्या लगेच आधीची) यंदा जूनअखेर मिळाली. ईगलला लागणाऱ्या २१ मेरिट बॅजपैकी (एकेका विषयातलं काम पूर्ण केल्यावर मिळणारे बिल्ले) १५ झालेत. उरलेले सहाही सक्तीच्या यादीतले: कॅम्पिंग, कुकिंग, पर्सनल फिटनेस, पर्सनल मॅनेजमेंट, फॅमिली लाइफ आणि सिटिझनशिप इन द वर्ल्ड. कॅम्पिंगच्या ११ रात्री भरल्यात, त्यात एक आठवड्याचा समर कॅम्प आला. ट्रूपमध्ये, म्हणजे त्याच्या स्काउट पथकात, सध्या असिस्टंट पॅट्रोल लीडर (पॅट्रोल या छोट्या तुकडीचा उपनायक) आहे.

ईगलसाठी एक सेवेचा प्रोजेक्टही करावा लागतो, त्यासाठी दोन कल्पना आहेत. एक, आमच्या देवळाच्या दाराशी चपला-बुटांचा ढीग पडतो, तिथे मोठं रॅक. दोन, सातारा जिल्ह्यातल्या आजोबांच्या गावच्या शाळेला वाचनालय. देऊळ किंवा भारतातली शाळा चालते का? बॅज कोणत्या क्रमाने घ्यावेत? आणि आई-बाबांनी किती हात लावायचा?

लाइफ_टू_ईगल

ताई, बॅज आणि प्रोजेक्ट दोन्ही बाजूला ठेवून आधी पदाचं बघा. असिस्टंट पॅट्रोल लीडर हे पद ईगलसाठी धरलंच जात नाही. लाइफ झाल्यानंतर मान्य यादीतल्या पदावर ६ महिने काम करावं लागतं: पॅट्रोल लीडर, सीनियर पॅट्रोल लीडर, ट्रूप गाइड, इन्स्ट्रक्टर, क्वार्टरमास्टर, स्क्राइब, लायब्ररियन, हिस्टोरियन, डेन चीफ वगैरे. बिगुल वाजवणारा बगलर स्टार आणि लाइफ या आधीच्या रँकना चालतो, ईगलला नाही. मुलाचे जूनपासूनचे दोन महिने हिशोबात येत नाहीत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पद मिळालं नाही तर वाढदिवसाआधी ६ महिने भरणं अशक्य आहे. निवडणुकीची वाट बघू नका. क्वार्टरमास्टर, इन्स्ट्रक्टर यांसारखी पदं साधारणपणे नेमणुकीने भरतात. त्याने या आठवड्याच्या मीटिंगलाच स्काउटमास्टरशी (ट्रूपच्या मोठ्या प्रमुखाशी) बोलावं आणि पद मिळालं की त्याच दिवशी स्काउटबुक या ऑनलाइन नोंदीत तारीख चढवून घ्यावी.

आता बॅज. तुमच्या सहापैकी तीन असे आहेत की अभ्यासाने लवकर उरकत नाहीत, कॅलेंडरच लागतं. पर्सनल मॅनेजमेंटमध्ये १३ आठवडे जमाखर्च लिहायचा. पर्सनल फिटनेसमध्ये १२ आठवड्यांचा व्यायाम. फॅमिली लाइफमध्ये घरातली किमान पाच कामं ९० दिवस, नोंदीसकट. तिन्ही एकाच रविवारी सुरू करा म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला तिन्ही संपतात. एकामागून एक घेतले तर नऊ महिने तिथेच जातील. मुलं नेमकं हेच करतात.

पण वही उघडण्याआधी काउन्सेलर, म्हणजे त्या बॅजचं काम तपासून सही करणारा मोठा माणूस, ठरलेला हवा. आधी १२ आठवडे व्यायाम करून मग काउन्सेलर शोधला आणि त्याने सुरुवातीच्या चाचण्यांचे आकडे मागितले, की पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरुवात. फिटनेससाठी डॉक्टरांची तपासणी लागते. तिची अपॉइंटमेंट आजच घ्या, ती लांबते आणि तिच्यामुळे पुढचं सगळं अडतं. फॅमिली लाइफच्या वहीत रोज खूण हवी. भांडी डिशवॉशरमध्ये लावणं, कचऱ्याचे डबे रस्त्याशी नेणं, कपड्यांच्या घड्या, बाथरूम, आजीची औषधं डबीत भरणं, असं ठरलेलं आणि मोजता येईल असं लिहा. ‘आईला मदत’ ही नोंद होत नाही. याच बॅजमध्ये घरासाठी एक त्याचं एकट्याचं काम आणि एक सगळ्या कुटुंबाने मिळून करायचं काम असतं. तेही या ९० दिवसांतच बसवा.

खरी अडचण कॅम्पिंग. एकूण २० रात्री लागतात, तंबूत किंवा उघड्या आभाळाखाली, आणि त्या स्काउटिंगच्या ठरलेल्या कार्यक्रमातल्या. घरामागच्या अंगणातल्या चालत नाहीत. लांब मुक्कामाचा एकच कॅम्प धरतात, तोही जास्तीत जास्त ६ रात्रींचा. तुमचा समर कॅम्प त्यात वापरून झाला, तेव्हा राहिलेल्या ९ रात्री शनिवार-रविवारच्या कॅम्पमधूनच यायच्या. शुक्रवार-शनिवार धरून एका कॅम्पच्या २. म्हणजे ५ कॅम्प. न्यूजर्सीत डिसेंबर ते मार्च बरेच ट्रूप केबिनमध्ये झोपतात आणि केबिनमधली रात्र मोजत नाहीत. उरतात सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, एप्रिल आणि मे. बरोबर पाच. यातला एक जरी एसएटीमुळे (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) किंवा कुणाच्या लग्नामुळे हुकला तर गाडी जूनवर जाते. ट्रूपचं कॅलेंडर आज फ्रिजवर लावा. शिवाय डिसेंबर-जानेवारीत दोन-चार मुलांना घेऊन तंबूतला कॅम्प काढता येईल का, हे स्काउटमास्टरना आत्ताच विचारून ठेवा.

कुकिंग याच कॅम्पना जोडायचं. मेनू आधी काउन्सेलरकडून मंजूर करून घ्यायचा, मग रांधायचं. घरच्या दिवसाला थालीपीठ-दही, वरणभात-भाजी खुशाल ठेवा. फक्त मापं, खर्च आणि आहाराचे गट कागदावर हवेत. कॅम्पवरचा स्वयंपाक पॅट्रोलसाठी असतो, त्यामुळे सप्टेंबरच्या कॅम्पची पाळी आत्ताच मागून घ्यावी. सिटिझनशिप इन द वर्ल्ड बसून करायचा बॅज आहे, डिसेंबरच्या सुटीत होईल.

सक्तीच्या बॅजची यादी अधूनमधून बदलते. अर्ज भरताना त्या वेळची यादी लावून तपासा.

रंधा_आणि_गुण्या

देऊळ चालतं. नियमातले शब्दच असे आहेत की कोणतीही धार्मिक संस्था, कोणतीही शाळा किंवा आपला समाज. चालत नाही ते हे: स्काउटिंगच्याच कामाचा प्रोजेक्ट, एखाद्या धंद्याच्या फायद्याचा, नेहमीची साफसफाई, किंवा नुसता निधी गोळा करणं. तासांची किमान मर्यादा नाही. लोकांची आहे: त्याच्याशिवाय निदान दोघांचं नेतृत्व त्याने केलेलं दिसायला हवं.

काम सुरू करण्याआधी वर्कबुकमधल्या (ईगल प्रोजेक्टचे ठरलेले फॉर्म) प्रस्तावावर चार सह्या लागतात: देवळाचा प्रतिनिधी, स्काउटमास्टर, ट्रूपची समिती, आणि डिस्ट्रिक्ट किंवा काउन्सिल, म्हणजे ट्रूपच्या वरची स्काउटिंगची स्थानिक संस्था. चौथी सही होईपर्यंत प्लायवूड विकत घेऊ नका आणि एक डॉलरही गोळा करू नका. मोजमापं, चित्र, विश्वस्तांशी बोलणी चालतात. घरातलंच कुणी विश्वस्त असेल तर सही दुसऱ्या विश्वस्ताची घ्या. प्रस्ताव हा आराखडा आहे, ४० पानांचा प्रबंध नको. मंजुरी देणारा बघतो ते एवढंच: नेतृत्वाला वाव आहे का, काम होण्याजोगं आहे का, सुरक्षिततेचा विचार झालाय का, पुढचं नियोजन कसं करणार ते लिहिलंय का, आणि मुलगा बरोबर वाटेवर आहे का.

आता रॅक. बुटांच्या जोडीला ९ ते १० इंच रुंदी आणि १२ इंच खोली धरा. ८ फुटी रॅकला ५ फळ्या, प्रत्येक फळीवर ९ जोड, म्हणजे एका रॅकवर ४५. अशी तीन केली की १३५ जोड बसतात. पण आधी दोन रविवार आणि एका सणाच्या दिवशी दाराशी उभं राहून जोड मोजू द्या. तो आकडा प्रस्तावात फार उपयोगी पडतो.

पाऊण इंची प्लायवूडचं ४ बाय ८ फुटांचं पान उभं चिरलं की ८ फूट लांबीच्या चार पट्ट्या निघतात, पात्याची जाडी वजा जाता पावणेबारा-बारा इंची. एका रॅकला ५ पट्ट्या फळ्यांना, एक पट्टी अर्धी करून दोन बाजूंना, आणि एका पट्टीतून ९ इंचांचे ८ ठोकळे. हे ठोकळे फळ्यांमध्ये दोन-दोन उभे लावायचे. ते गाळले तर ८ फुटी फळी मधे हमखास वाकते, ओल्या स्नो-बुटांनी तर पहिल्याच हिवाळ्यात. रॅकमागे ७ पट्ट्या, तिनाला २१, म्हणजे सव्वापाच पानं. सहा घ्या, उरलेल्यात चुका भरून निघतात.

कापणं दुकानातच करून घ्या. मोठ्या लाकूड-दुकानांत पान उभं धरून कापायचं यंत्र असतं. टेबल सॉ आणि सर्क्युलर सॉ १८ वर्षांखालच्या मुलांच्या हातात द्यायच्या नाहीत. गरज पडलीच तर ते काम मोठ्या माणसाचं, आणि तसं प्रस्तावात लिहिलेलं हवं. मुलांसाठी घासणं, रंगवणं, मापं आखणं, ड्रिल आणि जुळणी एवढं भरपूर आहे.

दोन शनिवार ठेवा. पहिल्या दिवशी १२० नंबरच्या कागदाने आणि मग २२० ने घासायचं, धूळ ओल्या फडक्याने टिपायची आणि पॉलियुरेथेनचे (लाकडावरचं वॉर्निश) हात द्यायचे. तेलातलं घेतलं तर एक हात वाळायला जवळजवळ दिवस जातो, पाण्यातलं काही तासांत दुसऱ्या हाताला तयार होतं. कामाच्या दिवसाला पाण्यातलंच बरं. प्लायवूडच्या कडा जास्त पितात, तिथे एक हात जादा द्या. पाणी शिरतं ते कडेतून, आणि मग थर सुटतात. ५० अंश फॅरनहाइटच्या खाली हे नीट धरत नाही, म्हणून पार्किंगमध्ये करायचं असेल तर ऑक्टोबरमध्येच. तारीख घालताना नवरात्र-दिवाळीचं देवळाचं कॅलेंडर समोर ठेवा. दुसऱ्या शनिवारी जुळणी. स्क्रू मारण्याआधी बारीक भोक पाडलं नाही तर प्लायवूडची कड फुटते. खालची फळी जमिनीपासून ४ इंच वर ठेवा, वितळलेला बर्फ तिथेच साचतो आणि पुसायला झाडू आत जायला हवा. रॅक भिंतीतल्या लाकडी खांबांना एल-ब्रॅकेटने पक्की करा, लहान मुलं त्यावर चढणारच. दाराबाहेर जायची वाट किती रुंद मोकळी ठेवायची ते विश्वस्तांकडून लेखी घ्या. पूर्ण झालेलं रॅक फायर इन्स्पेक्शनमध्ये हलवावं लागणं ही या प्रकारच्या प्रोजेक्टमधली नेहमीची फजिती आहे.

सामानाचे पैसे देवळाने, तुम्ही, नातेवाइकांनी किंवा ट्रूपने दिले तर वेगळा अर्ज लागत नाही. देवळात समोसे विकून किंवा ऑनलाइन वर्गणी काढून पैसे उभे करायचे असतील तर वर्कबुकमधला फंडरेझिंगचा अर्ज आधी मंजूर हवा. उरलेले पैसे देवळाचे.

कामाच्या दिवशी खाणं तुम्ही कराल. पोहे करणार असाल तर शेंगदाणे वेगळे ठेवा. १५ मुलांत एखाद्याला तरी ॲलर्जी असते, आणि ती आदल्या आठवड्यात विचारून घेणं हेही त्याचंच काम.

सातारकर_डॅलस

भारतातल्या शाळेबद्दल. ‘आपला समाज’ याचा अर्थ जगाचा समाज असाही धरता येतो, तेव्हा बंदी नाही. अडतं ते नेतृत्वावर. मदतनीस कोण, त्यांना काम त्याने स्वतः कसं वाटून दिलं, गावच्या मुख्याध्यापकांची सही प्रस्तावावर आणि शेवटी अहवालावर कोण आणि कधी घेणार? पुस्तकं इथून पाठवली तर वाहतुकीचा खर्च पुस्तकांपेक्षा जड होतो, शिवाय मराठी शाळेत इंग्रजी पुस्तकांचे खोके न उघडता पडून राहतात. १० महिन्यांत हे धरू नका. शाळेला ईगलनंतर सवडीने मदत करा, आत्ता रॅक घ्या.

आई-बाबांबद्दल. देवळाला ईमेल, काउन्सेलरला फोन, मदतनिसांची यादी, कामाच्या दिवशीच्या सूचना, हे सगळं त्याचं. ईमेलमध्ये तुमचा पत्ता सोबत असायलाच हवा, कारण स्काउट आणि मोठ्या माणसाचं एकट्या-दुकट्याचं बोलणं नियमात बसत नाही. पण मजकूर त्याचा. तुम्ही गाडी चालवा, तारखा आठवून द्या, कागदांच्या प्रती फाइलमध्ये ठेवा. सगळ्यात अवघड बाबांचं असतं. मुलगा ड्रिल वाकडं धरतोय असं दिसलं की बाबा ते हातातून घेतात, आणि पाच मिनिटांत सगळी मुलं बाबांकडे बघून काम करायला लागतात. बोर्ड ऑफ रिव्ह्यूमध्ये (रँक देण्याआधीची शेवटची मुलाखत) ‘एखादी गोष्ट बिघडली तेव्हा तू काय केलंस?’ असं विचारतात. त्याचं उत्तर त्याच्याकडे असायचं तर ती गोष्ट त्याला निस्तरू द्यायला हवी. बाबांना त्या दिवशी चहा, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी सांभाळायला द्या.

तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवू द्या. त्याचे नियोजनाचे तास धरून सगळ्यांचे तास अहवालात लागतात, आणि तीन महिन्यांनी ते आठवत नाहीत.

न्यूजर्सीची_आई

पदाचं खरंच माहीत नव्हतं. आज रात्रीच तो स्काउटमास्टरना लिहितोय. एक राहिलं: ईगलच्या अर्जात धार्मिक रेफरन्स, म्हणजे त्याच्याबद्दल सांगू शकेल अशा त्या क्षेत्रातल्या व्यक्तीचं नाव, मागतात. आमचं चर्चसारखं नाव नोंदवलेलं काही नाही. कुणाचं द्यायचं?

लाइफ_टू_ईगल

देवळाचे पुजारी किंवा बालविहारचे शिक्षक, जे त्याला ओळखतात ते. कोणत्याही संस्थेशी जोडलेले नसाल तर ही जागा आई-वडीलच भरू शकतात, अडून राहत नाही. बाकी पालक, शाळेतलं एक, नोकरी करत असेल तर मालक, आणि आणखी दोघं. ज्यांची नावं देणार त्यांना आधी विचारायचं, आणि विचारायचं त्यानेच.

अर्जासोबत स्वतःच्या ध्येयांबद्दलचं निवेदन आणि शाळा, देऊळ, समाज इथे बजावलेल्या जबाबदाऱ्यांची यादी लागते. ढोल-ताशा पथक, मराठी शाळेत लहानांना शिकवणं, गणेशोत्सवातलं स्वयंसेवकाचं काम, सगळं त्यात येतं. मुलं हे लिहायचं विसरतात.

अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा तारखांमुळे. बॅजची ब्लू कार्डवरची (काउन्सेलरच्या सहीचं कार्ड) तारीख आणि काउन्सिलच्या नोंदीतली तारीख जुळत नाही, किंवा लाइफच्या बोर्डची तारीख चुकलेली असते. नोंदींची प्रत डिसेंबरमध्येच मागवून १५ बॅज एकेक करून जुळवा. जुना काउन्सेलर गाव सोडून गेला असेल तर सही शोधायला वेळ लागतो. बोर्ड ऑफ रिव्ह्यू वाढदिवसानंतर झाला तरी चालतो, पण बॅज, पद आणि देवळाच्या सहीसकट प्रोजेक्ट १८व्या वाढदिवसाच्या आधी पूर्ण हवेत. तुम्ही मेअखेर ही तारीख धरा. जूनमध्ये शाळेच्या परीक्षा, ग्रॅज्युएशन आणि विश्वस्तांच्या भारतवाऱ्या एकदम येतात.