पत्र्यातून करंट जातो, कांडीतून जात नाही. नॅनोट्यूबचं जाळं कुठं तुटतंय?

चिंचोळी_मोल्डर
नमस्कार मंडळी. सोलापूरला चिंचोळी एमआयडीसीत आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. पॉवरलूमवर सूत गुंडाळायच्या प्लास्टिकच्या कांड्या करतो. एप्रिल-मेत इथली हवा इतकी कोरडी की पॉलिस्टर सुतावर स्टॅटिक चढतो, धागा फुलतो आणि तुटतो. चार्ज कांडीतूनच उतरावा म्हणून आधी प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे वीज वाहणारी बारीक काजळी घातली. १८ टक्क्यांवर कुठं मीटर हलला, पण कांडी ठिसूळ झाली आणि सुताला काळं लागायला लागलं. पांढऱ्या टॉवेलच्या गावात ते कोण घेणार?

आता पॉलिप्रॉपिलीनमध्ये नॅनोट्यूबची (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची) मास्टरबॅच, म्हणजे नळ्या घट्ट प्रमाणात मिसळलेले तयार दाणे घालतोय, अंतिम प्रमाण वजनाने २ टक्के. गरम प्रेसमध्ये दाबलेला त्याच प्लास्टिकचा पत्रा २० हजार ओहम दाखवतो. त्याच दाण्यांची कांडी मेगरवर (मोठा रोध मोजायच्या मीटरवर) १०० मेगओहमच्या वर. एमएफआय, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा (२३० अंश, २.१६ किलो), १२ वरून ७ वर आलाय. वितळीचा प्रवाह घटला म्हणजे नळ्या एकमेकींना भिडून जाळं झालंच ना? मग करंट का जात नाही?

जुना_कंपाउंडर
३ टक्के करा मालक, सुटेल.

चिंचोळी_मोल्डर
करून बघितलं. पातळ कडेला साचा भरेना, आणि भाव तर परवडतच नाही.

रिओमीटरवाली
दादा, डोस वाढवू नका, तुमचं जाळं प्रेसमध्ये होतंय आणि साच्यात मोडतंय. माझी बरीच वर्षं याच मोजमापात गेलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टोपलीत ज्वारीचे दाणे टाकले तर या काठापासून त्या काठापर्यंत सलग साखळी व्हायला पुष्कळ दाणे लागतात. कडब्याची ताटं टाका, थोडक्यात एकमेकांवर आडवी-तिडवी पडून भिडतात. कार्बन ब्लॅक आणि नॅनोट्यूबमध्ये हाच फरक. लांबी जाडीच्या हजारपट असली तर हिशेबाने आकारमानाच्या ०.१ टक्क्याहूनही कमीत साखळी जुळायला हवी. प्रत्यक्षात नळ्या वाकलेल्या, गुठळ्या झालेल्या, स्क्रूत तुटलेल्या असतात, म्हणून जास्त लागतं.

पण तीच ताटं कालव्यात सोडा, पाण्याच्या ओढीने सगळी एका दिशेला लागतात, भेटी सुटतात. साच्यात वितळ जोरात शिरते, थंड भिंतीला लागते आणि नळ्या तशाच रांगेत गोठतात. वर जवळजवळ इन्सुलेटर कातडी, आत गाभ्यात जाळं शाबूत. प्रेसमध्ये वितळ काही मिनिटं शांत असते, नळ्या पुन्हा एकमेकींना भेटतात.

एमएफआयवरून जाळं ओळखू नका, तो एकाच भाराखालचा आकडा आहे. रिओमीटरवर (वितळीचं वाहणं मोजायच्या यंत्रावर) अगदी सावकाश दोलन देऊन बघा. साध्या वितळीचा साठवण गुणांक, म्हणजे तिच्यातल्या स्प्रिंगसारख्या ताठपणाचा आकडा, सावकाश दोलनाला वारंवारतेच्या वर्गाने उतरतो; जाळं असेल तर खालच्या टोकाला तो सपाट होतो, वितळ घन पदार्थासारखी वागते. तिथंही एक मेख आहे. वितळीचा प्रवाह अडवायला दोन नळ्यांमध्ये पॉलिमरच्या साखळीचा पूल पुरतो. इलेक्ट्रॉनला उडी मारायला मात्र अंतर काही नॅनोमीटरच हवं. म्हणून डोस वाढवत नेला की वितळीचं वाहणं अडण्याचा उंबरठा बहुधा आधी येतो आणि वीज वाहण्याचा नंतर.

कांडीची कातडी अर्धा मिलिमीटर घासून पुन्हा मोजा. ओल्या पॉलिशपेपरनेच घासा आणि मास्क लावा, ही धूळ फुप्फुसात जाता कामा नये. कामगारालाही सांगा. मग इंजेक्शनचा वेग कमी करा, साचा आणि वितळ दोन्ही गरम ठेवा.

चिंचोळी_मोल्डर
मॅडम, घासलं! गाभा ५० हजार ओहम. कातडीच होती.

साचा ४० वरून ७५ अंशांवर नेला, वेग निम्मा केला. सायकल ६ सेकंदांनी लांबली, पण जाड बुडाशी न घासता ३ मेगओहम आले. वरच्या पातळ कडेला मेगर अजून जागचा हलत नाही. सूत तिथूनच उतरतं, म्हणून ती जागा सोडून चालणार नाही. उद्या कडेची जाडी वाढवून साच्यात बसवायचा एक इन्सर्ट (बदली तुकडा) करायला टाकतोय.