मदत हवी आहे: पाऊस आला की वर्गातला एक पोरगा गप्प होतो

नमस्कार मंडळी, मी रायगडमधे झेडपी शाळेवर तिसरीला शिकवते. २०२१ ला तळीये, २०२३ ला इर्शाळवाडी, आमच्याकडे दरड म्हटलं की मोठ्यांच्याही पोटात गोळा येतो, आणि माझ्या वर्गातल्या एका पोराचं घरच दरडीत गेलंय. एरवी मस्त खिदळतो पण पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की दप्तर पोटाशी धरून दाराकडे बघत बसतो, काही विचारलं तर एकच, "बाई, घरी जाऊ?"

त्याला दाराजवळची जागा दिलीय, आज काय काय होणार ते सकाळीच फळ्यावर लिहिते, त्याने जरा फरक पडला. डब्यात मेथी पेरलीय, हा आल्या आल्या आधी ती बघतो, "बाई, उद्या अजून दोन पानं येतील" 🙂

हेडसर म्हणतात विषयच काढू नका, विसरेल. मला नाही पटत. टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करणारच आहे, पण वर्गात रोजचं काय करायचं ते कोणी शिक्षकांनी केलं असेल तर सांगा ना. पुढच्या आठवड्यात सायरन वाजवून मॉक ड्रिल आहे, याला आधी सांगून, सायरन ऐकवून घ्यावं का बाजूलाच ठेवावं? आणि बाकीची पोरं "हा असा का करतो" विचारतात, त्यांना काय सांगू?