प्लास्टिकचं इंग्रजी: यादी पाठ झाली, पण कारखान्यात येणाऱ्या पाहुण्याशी बोलायचं कसं?

केळीपट्टा (जळगाव)

नमस्कार मंडळी. मी जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक दाण्याच्या (भंगार वितळवून काढलेला बारीक दाणा, त्यातून पुन्हा वस्तू बनतात) कारखान्यात सुपरवायझर आहे. फुटक्या खुर्च्या, जुन्या चटया, ड्रम, शेतातून निघालेल्या ठिबकच्या नळ्या असं भंगार आमच्याकडे येतं. निवडायचं, दळायचं, धुवायचं आणि दाणा काढायचा. शिक्षण बारावी सायन्स, तेही मराठीतून रेटलेलं.

माल ओळखण्यात मला सहसा कोणी हरवत नाही. तुकडा पाण्यात टाकायचा. तरंगला तर पीई (पॉलिइथिलीन) नाहीतर पीपी (पॉलिप्रॉपिलीन), तळाला गेला तर पीव्हीसी (पाइपाचं प्लास्टिक) किंवा पेट (पाण्याच्या बाटलीचं). काडी लावल्यावर मेणबत्तीचा वास आला की पीई. नाकात झोंबलं की पीव्हीसी, तो लगेच बाजूला काढायचा, नाहीतर सगळा घाणा बिघडवतो. हे सगळं येतं, पण यातलं एक वाक्य इंग्रजीत सांग म्हटलं की तोंडाला कुलूप.

आमच्या मालकांची युरोपातल्या एका खरेदीदाराशी बोलणी चालू आहेत. पुढच्या महिन्यात त्यांचा माणूस कारखाना बघायला येतोय आणि त्याला शेडमध्ये फिरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. म्हणून नेटवरून प्लास्टिक प्रदूषणाच्या इंग्रजी शब्दांची यादी उतरवून घेतली. मरीन लाइफ, इकोसिस्टिम, हॅझर्डस, कार्बन फूटप्रिंट, सस्टेनेबल. पुतणी नववीत सेमी इंग्रजीला आहे, तिने रीतसर परीक्षा घेतली, पास केलं. परवा मालकांनी त्या पाहुण्याचा मेल दाखवला. यादीतला एकच शब्द त्यात होता, सस्टेनेबल. बाकी फीडस्टॉक, पोस्ट-कन्झ्यूमर, ट्रेसेबिलिटी, पेलेट लॉस, एफ्लुअन्ट!

क्लास लावायला वेळ नाही, शिफ्ट सांभाळून जमेल तेवढंच. आधी काय शिकू ते सांगा. स्पोकन इंग्लिशच्या जाहिराती कृपया टाकू नका.

---

ओलासुका (पुणे)

भाऊ, यादी बरोबर आहे, फक्त तुमच्या कामाची नाही. कचऱ्यासंबंधीचे नियम आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

प्लास्टिकबद्दलचं इंग्रजी तीन जागी तीन तऱ्हेचं असतं. एक पेपरातलं. त्यात कासवं, महासागर, संकट, इशारे. तुमची यादी तिथली, शाळेच्या निबंधाला उत्तम. दुसरं नियमांतलं आणि तिसरं शेडमधलं. तुम्हाला आधी शेडमधलं हवं, मग थोडं नियमांतलं. ‘इकोसिस्टिम’ आला नाही म्हणून तुमचा सौदा मोडणार नाही.

शेडमधलं इंग्रजी मालाच्या वाटेने शिका. गेटपाशी उभं राहा आणि सुरुवात करा. दाबून बांधलेला गठ्ठा म्हणजे बेल. जो माल येतो तो सगळा मिळून फीडस्टॉक, म्हणजे कच्चा माल. निवडण्याला सॉर्टिंग म्हणा. सेग्रिगेशन हा शब्द आपल्याकडे पालिकांनी घराघरांत पोचवला, पण तो स्वयंपाकघरातल्या ओल्या-सुक्यासाठी राहू दे. दळलेले तुकडे फ्लेक्स. पिशव्या आणि फिल्मचा तुम्ही जो ‘अ‍ॅग्लो’ करता, म्हणजे गरम करून गोळे बनवता, तो अ‍ॅग्लोमरेट या शब्दाचा शेंडा छाटून झालाय, तिथे पूर्ण शब्द वापरा. दाण्याला पेलेट किंवा ग्रॅन्यूल, दोन्ही चालतं. कोऱ्या दाण्याला व्हर्जिन म्हणतात, समोरचा म्हणाला तर हसू आवरा. धुतलेलं पाणी बाहेर सोडलं की ते एफ्लुअन्ट, पहिल्या अक्षरावर जोर. टाकीच्या तळाचा गाळ स्लज. ज्याचं काहीच होत नाही ते रिजेक्ट्स.

आणि एक शब्द सगळ्यांच्या वर: कन्टॅमिनेशन. ठिबकच्या नळीला चिकटलेली माती, आत साठलेला खताचा क्षार, पीपीच्या गठ्ठ्यात घुसलेला पीव्हीसीचा तुकडा, सगळं कन्टॅमिनेशन. पाहुणा निम्मा वेळ याच्याबद्दलच विचारणार. तुमची पाण्याची आणि काडीची परीक्षा त्याला करून दाखवा, तोंडाने म्हणा, ‘इट फ्लोट्स, इट सिंक्स’. (काडी शेडच्या बाहेर ओढा, दाण्याच्या पोत्याजवळ नको.)

आता जिथे शब्द चुकला तर पैशाचं नुकसान होतं ते. मेलमधला पोस्ट-कन्झ्यूमर. शेतकऱ्याने ठिबकची नळी चार हंगाम वापरली, फाटली, भंगारात दिली. तो तिचा शेवटचा वापरणारा, म्हणून ती पोस्ट-कन्झ्यूमर. नळीच्या कारखान्यातच कापताना उरलेले तुकडे तुमच्याकडे आले तर ते प्री-कन्झ्यूमर. काही जण त्याला पोस्ट-इंडस्ट्रियल म्हणतात. आणि तुमच्याच मशीनमधून पडलेला माल तुम्ही दळून त्याच कामात परत घातलात तर तो रीग्राइंड. पर्यावरणविषयक दाव्यांसाठी आयएसओ १४०२१ नावाचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात हे तिसरं ‘रिसायकल्ड कन्टेन्ट’मध्ये धरतच नाहीत. म्हणजे मेलमध्ये सगळ्याला मिळून रिसायकल्ड लिहिलं की तो खोटा दावा ठरू शकतो, तुमच्या मनात खोट नसली तरी. उद्याच तीन कोपऱ्यांवर खडूने हे तीन शब्द लिहा आणि माल त्याप्रमाणे लावा. ट्रेसेबिलिटी म्हणजे वेगळं काही नाही, कोणतं पोतं कोणत्या गठ्ठ्यातून आलं ते वहीत बघून सांगता येणं.

नियमांतलं थोडक्यात. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे, ईपीआरची (एक्स्टेंडेड प्रोड्यूसर रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे उत्पादकाची वाढीव जबाबदारी) मार्गदर्शक तत्त्वं फेब्रुवारी २०२२ ची. वेष्टनाचं प्लास्टिक बाजारात आणणाऱ्याने ते परत गोळा होऊन मार्गी लागेल हे बघायचं, हा ईपीआरचा गाभा. त्यात तुमचा कारखाना ‘प्लास्टिक वेस्ट प्रोसेसर’. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी असेल तर किती प्लास्टिक मार्गी लागलं त्याचं सर्टिफिकेट तुमच्याकडून निघतं आणि ब्रँडवाला ते घेतो. वेष्टनाचे प्रकार लक्षात ठेवा: डबे, ड्रम ते रिजिड, पिशव्या आणि फिल्म ते फ्लेक्झिबल, आणि प्लास्टिकच्या थराला कागद किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर जोडलेलं ते मल्टिलेयर्ड. तुमच्या खुर्च्या आणि चटया वेष्टन नाहीत, त्या या हिशेबात घुसडू नका.

व्याकरणाचं फार मनावर घेऊ नका. ‘वेस्ट’चं अनेकवचन करायचं नाही, ‘डिस्पोज’नंतर ‘ऑफ’ लावायचं, बस. वाक्यं साधी ठेवा. वुई सॉर्ट बाय हँड. वुई वॉश इट ट्वाइस. दिस इज फ्रॉम फार्म्स. कर्ता, क्रियापद, आणि बोट दाखवायचं. शेड समोर असताना निम्मी भाषा बोटातच असते.

---

बंदरावरचा (हर्णै)

ओलासुका ताई, सगळं पटलं, पण पेपरातलं इंग्रजी अगदीच कोपऱ्यात नका टाकू. मेलमध्ये पेलेट लॉस, म्हणजे दाणा सांडून बाहेर जाणं, आहे ना, त्याची काळजी समुद्रामुळेच आहे.

२५ मे २०२५ ला केरळच्या किनाऱ्यासमोर एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडालं. त्यातल्या कंटेनरमधला प्लास्टिकचा दाणा वाहून तिरुवनंतपुरमच्या बाजूच्या किनाऱ्यांवर पसरला. पांढराशुभ्र बारीक दाणा, वाळूतून वेचायचा म्हणजे कंबरडं मोडतं. त्याच्या आधी २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जळालं, तेव्हाही हेच. तुमच्या शेडमधला पेलेट असा सांडून पाण्याला लागला की बातमीत त्याला नर्डल म्हणतात. मासा त्याला अंडं समजून गिळतो. पाच मिलिमीटरच्या आत असल्याने तो मायक्रोप्लास्टिकमध्येच मोडतो.

म्हणून पाहुणा दाण्याच्या मशीनखाली, पोती शिवतात तिथे आणि गटाराच्या तोंडाशी वाकून बघणार, लिहून ठेवा. सांडणं म्हणजे स्पिलेज. गटाराच्या तोंडावर बारीक जाळी बसवा आणि सांगा, ‘नो पेलेट्स गो टू द ड्रेन’. आधी बसवा हां, मग सांगा.

आमच्याकडचा एक शब्द फुकटात देतो: घोस्ट नेट. समुद्रात तुटून गेलेलं नायलॉनचं जाळं, धनी नसताना मासे मारत फिरतं. कासव अडकलं तर एन्टँगल्ड, किनाऱ्याला लागलं तर स्ट्रँडेड. डहाणूला अशा जखमी कासवांवर उपचार करतात. जुनं जाळं तुमच्या घाण्यात चालतं का हो? इथे ढीग पडलेत.

---

पूर आणि पवनचक्की (रॉटरडॅम)

इकडे पॅकेजिंगच्या कंपनीत खरेदी विभागात आहे, म्हणजे तुमच्या पाहुण्याच्या बाजूचा माणूस. दोन-तीन गोष्टी.

‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्द चुकूनही काढू नका. भारतातले विक्रेते मेलमध्ये तो लोणच्यासारखा वाढतात. तुमचा दाणा पीई-पीपीचा, तो कुजणार नाही आणि कुजावा अशी कोणाची अपेक्षाही नाही. कम्पोस्टेबल हे वेगळं प्रकरण, त्याला वेगळी चाचणी आणि वेगळं प्रमाणपत्र. ऑक्सो-डिग्रेडेबल म्हणजे मिश्रण घालून लवकर भुगा होणारं प्लास्टिक. ते युरोपात ३ जुलै २०२१ पासून विकायलाच बंदी आहे. तसलं मिश्रण असलेल्या पिशव्या भंगारात आल्या तर वेगळ्या काढता का, हे विचारलं जाऊ शकतं.

रिसायकलेबल आणि रिसायकल्ड यांत गल्लत नको. पहिला पुढे होऊ शकेल असा, दुसरा झालेला. तुम्ही दुसरं विकता.

कचरा निवडणाऱ्या बायकांचा विषय निघाला तर ‘रॅगपिकर’ म्हणू नका, ‘वेस्ट पिकर’ म्हणा. २००८ ला कोलंबियात बोगोटा इथे या लोकांची जागतिक परिषद झाली, तेव्हापासून हाच शब्द रूढ आहे. त्यांना हातमोजे, मजुरी, वय हेही विचारतील. आपल्याकडचा ‘डम्पिंग ग्राउंड’ इथे लँडफिल होतो आणि ‘कॅरी बॅग’ ऐकून लोक गोंधळतात, नुसतं बॅग म्हणा.

आणि समजलं नाही तर मान हलवू नका. आपली ती मान हो की नाही, इकडच्यांना आयुष्यभर कळत नाही. ‘आय विल चेक अँड टेल यू’ म्हणा. खरेदीवाल्याला हे वाक्य ऐकायला आवडतं.

---

केळीपट्टा

सगळ्यांचे आभार. ताई, खडू मारला. तीन कोपऱ्यांपैकी तिसऱ्यात आमचाच माल सगळ्यात जास्त निघाला, मालक बघून गप्पच झाले. पुतणीला रविवारी शेडमध्ये आणलं आणि तिला पाहुणा केलं. ती एवढे प्रश्न विचारते की खरा पाहुणा परवडला. कन्टॅमिनेशन म्हणताना जीभ अडखळते, ‘कन्टॅमि’वर थांबून श्वास घेतो, मग जमतं.

बंदरावरच्या भाऊंना: नायलॉन आमच्या घाण्यात नाही चालत, त्याला तापमान जास्त लागतं. पण जाळ्याला पीई किंवा पीपीचा दोर असतो तो चालेल. फोटो टाका.

अजून दोन शब्द अडलेत. मशीनच्या तोंडाला बारीक तारेची जाळी असते, तिच्यात माती-कचरा अडकतो, दर थोड्या वेळाने बदलावी लागते. तिला काय म्हणायचं? आणि सुरू करताना किंवा माल बदलताना मशीनमधून जे गोळे पडतात, आम्ही लम्स म्हणतो, ते? जाळी साफ करायला आमची पोरं ती मागे नेऊन जाळतात, म्हणजे प्लास्टिक जळून तार मोकळी होते. त्याला इंग्रजीत काय?

---

ओलासुका

जाळीला स्क्रीन, बदलण्याला स्क्रीन चेंज. गोळ्यांना लम्प्स चालेल, पर्जिंग्ज जास्त नेमकं. ते तुमच्या तिसऱ्या कोपऱ्यातले.

जाळण्याला ओपन बर्निंग, आणि तो शब्द पाहुण्यासमोर उच्चारायची वेळ आली तर बाकीचे सगळे शब्द वाया गेले. जाळ्या साठवून ठेवा, भट्टीत साफ करून देणारा कोणी एमआयडीसीत असेल तर त्याच्याकडे पाठवा, नाहीतर नव्या घ्या आणि जुन्या रिजेक्ट्समध्ये लिहा. मागच्या भिंतीवरची काजळीही धुवून घ्या, पावसाच्या आधी.